झाकण आवळण्याआधी

२ जानेवारी, शुक्रवार

पोचलो बुवा बडोद्यात. बूड टेकतंय तोवर लेकीनं एका हातानं चहा दिला आणि दुसऱ्या हातानं ही डायरी. तिच्या कारखान्याची आहे, नव्या वर्षाची, वर सोनेरी अक्षरं. म्हणाली, बाबा, इथं तुमच्या ओळखीचं कुणी नाही, रोज थोडं लिहीत जा, म्हणजे माझं डोकं कमी खाल. मी म्हटलं, बाई, इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागाच्या जळक्या मोटरींत नव्यानं तार भरली, पण चार ओळी सलग लिहिल्या असतील तर शपथ. तरी लिहायला बसलोय. लेकीपुढं कुणाचं चाललंय?

सानवीचं घर तरसालीला, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत तुळस आणि माझ्यासाठी आणलेली आरामखुर्ची. चार वर्षं ही पोरगी इथं एकटी राहते, सॉल्व्हंटच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नमुने तपासते, आणि बापासाठी खुर्ची घेऊन ठेवते. तिकडं माझं दुकान बंद पडून दीड वर्ष झालं. आता मोटर जळली की लोक फेकून देतात, भरून घेत नाहीत. रिकामा बसलो की मी खचतो, हे तिला ठाऊक. तिनंच मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपात माझ्यासाठी शब्द टाकला. सोमवारपासून कामावर.

संध्याकाळी दूध आणायला गेली आणि येऊन दार वाजवलं. टक-टक, थांबून एक टक. दाराला बेल असताना! निरुपमा अंथरुणाला खिळली होती तेव्हा आम्ही बेल काढून ठेवली होती. आईची झोप मोडू नये म्हणून सानू शाळेतून आली की अशी बोटाच्या पेरानं हळू वाजवायची. निरुपमाला जाऊन नऊ वर्षं झाली, पोरीचा हात अजून तसाच वाजतो. जित्याची खोड, दुसरं काय.

५ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस झकास गेला. फोरमन पृथ्वीराज मोहिते, बडोद्याचाच मराठा. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत घोड्यावर होते, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. मराठी आपलंच बोलतो, पण वरून गुजराती फोडणी. मला लक्ष्मणभाई म्हणतो. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा मी भाई झालो. दुपारी शेव-उसळ खाऊ घातली आणि तुमच्या मिसळीपेक्षा भारी आहे ने, असं विचारलं. नवा माणूस म्हणून हो म्हटलं.

इथं फ्लेमप्रूफ मोटरी दुरुस्त होतात. रंगाचे, औषधांचे, सॉल्व्हंटचे कारखाने, जिथं हवेतच जळणारी वाफ असते, तिथं लावायच्या मोटरी. मला वाटायचं, अशी मोटर म्हणजे आत गॅस शिरूच नये अशी बंद पेटी. पृथ्वीराज हसला. गॅस आत शिरतोच, म्हणाला. आत ठिणगी पडली तर आत भडकाही उडतो. पण मोटरचं अंग एवढं जाड की तो भडका ती पोटातच सोसते. आणि झाकण जिथं अंगात बसतं तिथं केसासारखी फट असते. त्या लांब, बारीक फटीतून बाहेर येता येता ज्वाळा गार होऊन विझते. फट थोडी वाढली की ज्वाळा जिवंत बाहेर येते, आणि बाहेर तिची वाटच बघत बसलेली वाफ. म्हणून दर मोटरची फट पोलादी पात्यांनी मोजायची, रजिस्टरात लिहायची, खाली सही करायची. हे काम माझं.

हे ऐकताना निरुपमाची आठवण झाली. तीही सगळं पोटातच सोसायची.

दोन गोष्टी त्यानं बजावल्या. एक, सांध्याच्या, म्हणजे त्या फटीच्या, तोंडाला पॉलिश पेपर लावायचा नाही. गंज असला तर रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, जास्तच असला तर झाकण बदलायचं. दुसरी गोष्ट गमतीची. झाकण बसवलं की बोल्ट आवळण्याआधी पान्यानं मोटरच्या अंगावर तीन ठोके द्यायचे आणि कान लावायचा. हा रिवाज श्रीपतरावांचा. ते इथले आधीचे तपासनीस, दोन वर्षांपूर्वी वारले, आता मी त्यांच्याच स्टुलावर बसतो. पृथ्वीराज अगदी गंभीर तोंडानं म्हणाला, "उत्तर आलं तर आवळायचं नाही, लक्ष्मणभाई. उत्तर आलं तर उघडायचं." मी म्हटलं, उत्तर द्यायला मोटर काय आपली विहीण आहे? सगळे हसले. तो हसला नाही.

कोपऱ्यात एक फुटलेल्या मोटरचं अंग पडलंय. भंगारात का घालत नाहीत कळेना. तिच्यावर कुणी डबासुद्धा ठेवत नाही, आणि आज सोमवार म्हणून झेंडूचा हार घातला होता.

९ जानेवारी, शुक्रवार

आज पहिली मोटर पूर्ण माझ्या हातची. रंगांच्या कारखान्यातून आलेली, पार गंजलेली. फट मोजली, हद्दीत होती, लिहिली, सही केली. मग जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर उन्हात बसले असताना मला राहवेना. सांध्याचं ते तपकिरी, खरबरीत तोंड बघून हात शिवशिवायला लागले. इचलकरंजीत माझ्या हातून गेलेल्या मोटरीत तोंड बघून भांग पाडावा, अशी ख्याती होती. घासायचं नाही हा नियम असेल जाड हाताच्या लोकांसाठी. झाकण लेथवर चढवलं, बारीक पेपर धरला आणि आरशासारखं करून टाकलं. वरून ग्रीस लावलं. कुणाला कळलंही नाही. जीव कसा थंड झाला.

झाकण बसवलं, रिवाजाप्रमाणं तीन ठोके दिले, गंमत म्हणून कान लावला. आतून एक ठोका आला. जड, आणि त्याच्यामागून बारीकशी खणक, हातात अंगठी असलेला माणूस लोखंडावर हात मारतो तशी. पाना हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. मग म्हटलं, पोकळ भांडं आहे, घुमणारच. नवा माणूस मी, पहिल्याच आठवड्यात मोटर बोलते म्हणून सांगितलं तर जन्मभर चेष्टा. बोल्ट आवळले. मोटर संध्याकाळच्या टेम्पोनं गेली.

१४ जानेवारी, बुधवार

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. अख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर. सानूनं काल खंडेराव मार्केटातून पापडी, रताळी, कोनफळ असं पोतंभर आणलं आणि शेजारणीच्या मदतीनं उंधियू केला. मी तिळाच्या वड्या केल्या, निरुपमाच्या पद्धतीच्या. गूळ जरा पुढं गेला, दात सांभाळून खाव्या लागल्या. पोरगी मांज्यानं बोट कापून घेऊन, काइपो छे, म्हणजे कापला रे, असं गुजरातीत ओरडत होती. सव्वीस वर्षांची घोडी! किती वर्षांनी तिला अशी हसताना बघितली. आईच्या आजारपणात तिचं हसण्याचं वय निघून गेलं, हे मला आज गच्चीवर कळलं आणि मी टाकीमागं जाऊन डोळे पुसले.

मला आता दुसरं काही नको. ही सुखात राहावी, संध्याकाळी तिनं दार वाजवावं आणि मी उघडावं.

१९ जानेवारी, सोमवार

आज योगायोग बघा. दुरुस्तीला आलेली मोटर नेमकी सानूच्या कारखान्यातली, सॉल्व्हंटच्या पंपाची. नंबर ४१७. म्हटलं, लेकीकडची पाहुणी आली, तिची खातिर नको? फट मोजली, लिहिली, सही केली. दुपारी झाकण लेथवर घेतलं आणि दुसऱ्या कुठल्याच मोटरला केलं नसेल असं चमकवलं. गंजाचे खड्डे खोल होते. ते जाईस्तोवर सोडलं नाही.

तीन ठोके दिले. उत्तर आलं. टक-टक. थांबून एक टक.

मला हसूच आलं. म्हातारा झालास लक्ष्मणा, दिवसभर पोरीचा घोर लावून घेतोस आणि लोखंडातही तीच ऐकू येते तुला. डोळे मात्र भरून आले, का ते सांगता येणार नाही. पान्याला जोर देऊन बोल्ट आवळले. रात्री जेवताना सानूला सांगितलं, तुझ्या मोटरनं तुझ्यासारखं दार वाजवलं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला गावाकडची आठवण येतेय, रविवारी फिरायला जाऊ.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी शेठच्या केबिनमध्ये फोन आला. रंगांच्या कारखान्यात काल दुपारी भडका उडाला. एक माणूस गेला. मोटर आपल्याकडून दुरुस्त होऊन गेलेली. पृथ्वीराज रजिस्टर घेऊन तिकडं गेला. तारीख नऊ जानेवारी. माझी सही.

तो परत आला तेव्हा चेहरा राखेसारखा होता. गेलेला ऑपरेटर अनय नावाचा, एकतीस वर्षांचा. तिथले कामगार रडत सांगत होते, म्हणे, की अनय पाळीवर आला की पाइपावर हात मारत यायचा, त्याच्या चांदीच्या अंगठीची खणक शेडभर ऐकू यायची, त्यावरून कळायचं की अनय आला.

मी ते ऐकलं आणि खाली बसलो. शेव-उसळीची वाटी पुढं होती. उठून तशीच मोरीत ओतली.

३१ जानेवारी, शनिवार

सगळं सांगून टाकलं पृथ्वीराजला. घासलं तेही, ऐकलं तेही. त्या दोन मोटरी सोडून अजून एकच झाकण मी घासलेलं, ते वर्कशॉपातच होतं, मोटर जोडायची बाकी. ते त्यानं नुसतं अंगात बसवलं आणि फटीत पातं घातलं. जे पातं आत जाताच कामा नये ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. फट मी आधी मोजली, घासलं नंतर. नंतर मोजलंच नाही. मोजायचं मनातही आलं नाही, एवढा माझा माझ्या हातावर विश्वास. रजिस्टरात सगळे आकडे खरे आहेत आणि सगळे खोटे.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. कोपऱ्यातल्या त्या फुटक्या मोटरजवळ नेऊन बसवलं मला आणि श्रीपतरावांची हकिगत सांगितली. अकरा वर्षांपूर्वी ह्या मोटरमधून त्यांना ठोका ऐकू आला होता. टेम्पो दारात उभा, घाई होती, त्यांनी आवळून टाकली. दोन माणसं गेली. नंतर त्यांनी तीन ठोक्यांचा रिवाज घातला आणि मरेपर्यंत दर मोटरला कान लावला. पुन्हा कधी उत्तर आलं नाही. पृथ्वीराजलाही कधी आलं नाही, म्हणून मला सांगताना त्यानं फार जोर दिला नाही.

मग विचारलं, दुसऱ्या मोटरचं उत्तर कसं होतं? मी बोटाच्या पेरानं बाकावर वाजवून दाखवलं. त्यानं विचारलं, हे कुणाचं आहे?

मी रजिस्टरात ४१७ समोरच्या सानूच्या कारखान्याच्या नावावर बोट ठेवलं. तो समजला.

१ फेब्रुवारी, रविवार

सानूला सगळं सांगितलं. ठोक्यांचं तिनं ऐकून घेतलं, आजारी माणसाचं ऐकावं तसं. फटीचं मात्र लगेच पटलं. तिथल्या तिथं तिच्या कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या उत्कर्षला फोन लावला. माझ्यावर एक शब्द रागाचा नाही. मी म्हटलं, नोकरी सोड, उद्यापासून जाऊच नको. हसली. लॅबमध्ये असते मी बाबा, पंपाची शेड पार दुसऱ्या टोकाला, महिनोन्महिने तिकडं पाय पडत नाही. हे तिनं तीनदा समजावलं. मी मनाशी धरून ठेवलंय. पार दुसऱ्या टोकाला.

अनयला दोन वर्षांची मुलगी आहे, असं पेपरात आलंय. पेपर घडी करून उशीखाली ठेवला. झोप कसली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेठपुढं उभा राहिलो आणि लिहून दिलं की चूक माझी. चौकशीवाल्यांनाही तेच सांगणार. शेठनं ४१७ परत मागवायचं पत्र लगेच पाठवायला सांगितलं. काम माझं गेलंच, पण पृथ्वीराज म्हणाला, ती मोटर परत येईपर्यंत येत जा. मोजायला तुम्हीच पाहिजे.

अति तेथे माती. दुकानात येणाऱ्या पोरांना मीच सांगायचो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सानू हसत आली. उत्कर्षनं स्टोअरमध्ये विचारलं. ४१७ अजून बसवलेलीच नाही, स्टोअरात पडून आहे. मंगळवारी परत पाठवतायत. मी देवापुढं डोकं टेकलं आणि मला उठवेना, तेव्हा तिनं हात धरून उठवलं. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. तिनं माझ्या पानात तिसरी पोळी वाढली आणि मी नको म्हटलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मोटर आली.

ती नाही. माप तेच, रंग तोच. नंबरची पट्टी रंगाच्या थराखाली गेलेली. पृथ्वीराजनं खरवडली. ४७१. झाकण उघडलं तर सांधा तपकिरी, कोरडा, कुणी हात न लावलेला. स्टोअरवाल्यानं माप बघितलं, नंबर बघितला नाही.

म्हणजे ती तिथंच आहे. म्हणजे हिच्या जागी ती पंपावर बसवली आहे. चालू आहे.

उत्कर्षला फोन केला. म्हणतो, कागदावर ४१७ स्टोअरमध्येच दाखवतायत, दुरुस्तीचा रिपोर्टही बरोबर आहे, उद्या-परवा बघतो. नुसत्या शब्दावर पंप बंद करता येत नाही, वरचे विचारतील.

संध्याकाळी दार वाजलं. टक-टक, टक. धावत उघडलं. सानूला सांगितलं. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "उद्या मी स्वतः जाऊन नंबर वाचून येते. मग बघू कसा बंद करत नाहीत. तुम्ही जेवा, बाबा."

मी नको म्हणालो. मग तिनं विचारलं, दुसरं कोण वाचणार? ज्यांनी चुकवला तेच? आणि उद्या तिथल्या दुसऱ्या कुणाला काही झालं तर?

अनयची मुलगी दोन वर्षांची.

मी हो म्हणालो. नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवला.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ७. बसनं गेली. जिना उतरताना वर बघून हात केला. ती वळल्यावर मला वाटलं, हाक मारावी. मारली नाही. शेजारपाजारची झोप—

८.३०. फोन लावला. बंद. गेटवर जमा करावा लागतो, ठिणगीची भीती म्हणून. हे मला माहीत होतं. माहीत असून काल सुचलं नाही की आज मला तिला परत बोलावता येणार नाही.

९. पृथ्वीराज आला. माझा चेहरा बघून म्हणाला, तुम्ही घरीच थांबा, मी जातो, उत्कर्षला धरून पंप बंदच करवतो. मोटरसायकलवर गेला. पाऊण तासाचा रस्ता.

१०.१५. गेटवर अडवलंय त्याला. पास नाही. उत्कर्ष मीटिंगमध्ये. सानवीला निरोप द्या, शेडकडं जाऊ नको म्हणावं, एवढं गेटवाल्याला सांगितलंय. तो हो म्हणाला. हो म्हणाला म्हणजे देईल.

११. निरोप पोचला का? गेटवर फोन उचलत नाहीत.

११.४०. पार दुसऱ्या टोकाला. महिनोन्महिने पाय पडत नाही. मी पाठवली नसती तर पडला नसता. हे आत्ता, लिहिताना— देवा, हे मला आत्ता कळतंय. ठोका तिचा का होता ते. ती तिथं कधीच गेली नसती. मी—

१२.२०. तुळशीला पाणी घातलं. दुपारी घालत नाहीत. हाताला काहीतरी हवं.

१.१०. पृथ्वीराजचा फोन. पावणेबाराला. पंपाच्या शेडमध्ये. पट्टी वाचायला वाकली होती. गेटवाल्याचा निरोप तिच्या टेबलावर पोचला होता, ती टेबलावर नव्हती. हातात कागद होता.

"सानू गेली, लक्ष्मणभाई. तिथंच थांबा. गाडी घेऊन येतोय."

माझ्या अक्षरातला कागद.

१.३०. लख्ख ऊन आहे. खाली कुणीतरी पतंग उडवतंय अजून. तिची वाटी पालथी आहे मोरीत. सकाळची. विसळून ठेवून गेली.

खुर्चीत बसत नाही मी. जमिनीवर—

१.५०. गाडी आली नाही. पाऊण तास. चाळीस मिनिटं झाली.

दार वाजलं.

पृथ्वीराज बेल वाजवतो. नेहमी बेल.

टक-टक.

थांबून एक.

पोकळ नाही. दार आहे हे. सागवानी—

परत. हळू वाजवते. कुणाची झोप मोडू नये म्हणून.

निरुपमा, ऐकलंस का, आपली—

त्या दिवशी मी आवळलं. उत्तर आलं होतं. तिनं मला आधीच सांगितलं होतं आणि मी हसलो आणि पान्याला जोर देऊन—

टक-टक. टक.

उत्तर आलं तर उघडायचं. आवळायचं नाही. उघडायचं.

आलो गं. उठतोय, गुडघा धरलाय, आलोच. जाऊ नको. सानू, मी उघड—